चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात? नाग, मण्यार आणि फवारणीचं औषध नेमका कुठे घाव घालतात

'डोपामाइन' हा शब्द तुम्ही रील्सवर शंभरदा तरी ऐकला असेल. लाइक आला की डोपामाइन, पाणीपुरी खाल्ली की डोपामाइन, ब्रेकअप झालं की डोपामाइन कमी. ऐकून ऐकून आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय. मेंदूत रसायनांच्या टाक्या आहेत, एक आनंदाची, एक झोपेची, एक टेन्शनची. टाकी भरली की मजा, रिकामी झाली की उदास.

हे चित्र चुकीचं आहे. पण ते का चुकीचं आहे हे डोपामाइनपासून समजायला घेतलं तर गोंधळ वाढतो, कारण त्याच्याभोवती गोष्टीच फार आहेत. म्हणून आज आपण असं एक रसायन घेऊ ज्यावर कोणी रील बनवत नाही. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. हा लेख खाली सरकवायला तुम्ही आत्ता अंगठा हलवलात, ते त्याच्या जिवावर. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटायला लागतात, ते त्याचं काम अडल्यामुळे. आणि कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो, तेव्हा हेच रसायन अंगात साचलेलं असतं.

अंगठ्यापर्यंतचा प्रवास

आपल्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी म्हणजे न्यूरॉन आहेत. अंगठ्याच्या स्नायूला हुकूम देणारी शेवटची चेतापेशी मात्र मेंदूत नसते, ती मानेच्या खालच्या भागात मज्जारज्जूत बसलेली असते. तिथून तिचा एक बारीक धागा निघतो, त्याला अक्षतंतू म्हणतात. तो खांद्यातून, दंडातून, मनगटातून थेट अंगठ्याच्या मुळाशी येतो. एकच पेशी, आणि लांबी पाऊण मीटरच्या आसपास!

या धाग्यातून जो सिग्नल धावतो तो विजेचा असतो, पण घरातल्या वायरीसारखा नाही. धाग्याच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा दाब असतो. सिग्नल आला की धाग्याच्या भिंतीतली दारं उघडतात, बाहेरचे सोडियमचे आयन आत घुसतात, दाब क्षणभर उलटा होतो. त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात, मग त्यापुढची. वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर. म्हणजे मानेपासून अंगठ्यापर्यंत यायला एक सेकंदाचा साधारण सत्तरावा भाग लागतो.

इथवर सगळं डिजिटल आहे. सिग्नल एक तर जातो किंवा जात नाही, अर्धा सिग्नल नसतो. खरी गंमत धागा संपतो तिथे सुरू होते.

मधे फट आहे

धाग्याचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मधे फट असते. दोन चेतापेशींच्या मधे ती साधारण २० ते ४० नॅनोमीटर असते, स्नायूपाशी थोडी जास्त. आपला एक केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. या जोडाच्या जागेला सिनॅप्स म्हणतात.

ही फट आहे की नाही यावर एकेकाळी जोरदार भांडण होतं. इटलीचा कामिलो गोल्जी म्हणायचा की सगळं एकच सलग जाळं आहे. स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल म्हणायचा की प्रत्येक पेशी सुटी आहे. गंमत म्हणजे १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं, आणि गोल्जीने नोबेलच्या भाषणातही काहालच्या मताला विरोधच केला. बरोबर काहाल होता. फट डोळ्यांनी दिसली ती मात्र १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर.

फट आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, सिग्नल ती ओलांडतो कसा? ठिणगी उडते की काही रसायन जातं? याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवीने दिलं. त्याने सांगितलेली हकीकत अशी, की रात्री झोपेत त्याला प्रयोग सुचला, त्याने उठून चिठ्ठीवर लिहून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना! पुढच्या रात्री तेच पुन्हा सुचलं, तेव्हा मात्र तो पहाटे तीनला उठून थेट प्रयोगशाळेत गेला.

प्रयोग इतका साधा आहे की आज वाचतानाही मजा येते. बेडकाची दोन हृदयं घेतली. बाहेर काढली तरी ती मिठाच्या पाण्यात काही काळ धडधडत राहतात. पहिल्या हृदयाला व्हेगस नावाची नस जोडलेली ठेवली आणि तिला विजेचा झटका दिला. हृदयाची गती मंदावली. मग त्या हृदयातलं पाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिलं, ज्याला नस नव्हतीच. तेही मंदावलं. म्हणजे नसेतून काहीतरी पाण्यात उतरलं होतं. हे संशोधन १९२१ साली प्रसिद्ध झालं. ते 'काहीतरी' म्हणजे ॲसिटिलकोलीन, हे नंतर पक्कं झालं आणि १९३६ चं नोबेल लोवीला आणि इंग्लंडच्या हेन्री डेलला मिळून गेलं. दोन वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतला तेव्हा ज्यू असलेल्या लोवीला तुरुंगात टाकलं, आणि नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळते केल्यावरच देश सोडू दिला.

निरोप पाकिटांतून जातो

आता फटीजवळ जाऊन पाहू. धाग्याच्या टोकात ॲसिटिलकोलीन सुटं फिरत नसतं. ते अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं, एकेका पिशवीत हजारो रेणू. विजेचा सिग्नल टोकापर्यंत पोचला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत येतं, आणि त्यासरशी काही पिशव्या भिंतीला चिकटून फुटतात आणि आतला माल फटीत ओततात. पिशवी भिंतीला चिकटवायला खास प्रथिनं असतात. सुरकुत्या घालवायला बोटॉक्सचं इंजेक्शन देतात ना, ते याच प्रथिनांना कापतं. पिशवी चिकटत नाही, निरोप सुटत नाही, कपाळाचा स्नायू ढिला पडतो.

बर्नार्ड काट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की हा माल नेहमी पिशवीच्याच हिशोबात सुटतो. एक पिशवी, दोन पिशव्या, दहा पिशव्या, पण दीड पिशवी कधीच नाही. नेटवर्किंग शिकलेल्यांना हे वाचून लगेच पॅकेट आठवेल. काट्झला यासाठी १९७० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

फटीपलीकडे स्नायूच्या भिंतीवर रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे ठरावीक रेणूनेच उघडणारं दार. या दाराला एकाच वेळी ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू लागतात. दोन्ही बसले की दार सुमारे एक मिलिसेकंद उघडतं, सोडियम आत घुसतं, स्नायूत नवा विजेचा सिग्नल तयार होतो आणि स्नायू आकसतो. वीज, मग रसायन, मग पुन्हा वीज.

इंजिनिअर माणसाला इथे प्रश्न पडतोच, हा द्राविडी प्राणायाम कशाला? थेट वायर जोडली असती तर काय बिघडलं असतं? तशी थेट जोडणी असलेले सिनॅप्स शरीरात खरोखर आहेत, आणि ते वेगवानही आहेत. रसायनाच्या जोडावर अर्धा मिलिसेकंद तरी जातोच. पण अंगठ्याचा विचार करा. नसेचं टोक इवलंसं, स्नायूचा तंतू त्यामानाने अगडबंब. टोकातल्या विजेने तो हलणार नाही. रसायन मात्र एका फटक्यात लाखो दारं उघडू शकतं, म्हणजे मधे अॅम्प्लिफायर बसवल्यासारखं झालं. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे.

एकच निरोप, दोन अर्थ

लोवीच्या प्रयोगात ॲसिटिलकोलीनने हृदय मंदावलं. अंगठ्यात तेच रसायन स्नायूला कामाला लावतं. रेणू तोच, परिणाम उलटा. कसं काय?

कारण घेणाऱ्याचं दार वेगळं आहे. स्नायूवरच्या दाराला निकोटिनिक रिसेप्टर म्हणतात, कारण तंबाखूतलं निकोटीनही त्या जातीच्या दारात बसतं. मेंदूतही या जातीची दारं आहेत आणि तंबाखूची सवय तिथूनच लागते. हृदयावर, लाळेच्या ग्रंथींवर, फुप्फुसाच्या नळ्यांवर दुसऱ्या जातीचं दार आहे, मस्कारिनिक. हे नाव एका विषारी अळंबीतल्या मस्करीन या द्रव्यावरून आलं. हृदयातलं मस्कारिनिक दार पेशीतलं पोटॅशियम बाहेर जाऊ देतं, त्यामुळे पुढचा ठोका उशिरा पडतो.

म्हणजे रेणूला स्वतःचा अर्थ नसतो. ॲसिटिलकोलीन 'हालचालीचं रसायन' नाही आणि 'शांततेचं रसायन'ही नाही. ते कुठल्या फटीत सुटलं आणि समोर कुठलं दार होतं, यावर सगळं ठरतं. टाक्यांचं चित्र इथेच कोसळतं.

आवराआवर

एक गोष्ट बहुतेक व्हिडिओंत दोन सेकंदांत उरकतात. माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. निरोप पोचल्यावर तो पुसावाही लागतो. ॲसिटिलकोलीन फटीत तसंच पडून राहिलं तर दार पुन्हा पुन्हा उघडत राहील, आणि पुढचा निरोप कळणारच नाही. नोटिफिकेशनचा आवाज एकदा सुरू झाला आणि बंदच झाला नाही, तर नवीन मेसेज आला हे कसं समजणार?

म्हणून फटीतच एक विकर म्हणजे एन्झाइम बसवलेलं असतं, ॲसिटिलकोलीनएस्टरेज. नाव जिभेला त्रास देणारं आहे, आपण त्याला सफाईवालं विकर म्हणू. याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडतो. शरीरातल्या सगळ्यात चपळ विकरांत याची गणना होते. तोडल्यावर जो कोलीन नावाचा तुकडा उरतो तो नसेचं टोक परत आत ओढून घेतं आणि त्यापासून नवा माल बनवतं. बाकीच्या बऱ्याच रसायनांसाठी तोडण्याऐवजी थेट परत ओढण्याचे पंप असतात. सेरोटोनिन आणि डोपामाइन असंच आवरलं जातं, आणि नैराश्यावरच्या अनेक गोळ्या सेरोटोनिनच्या पंपावरच काम करतात.

सफाई थांबली की काय होतं

जर्मनीत १९३६ साली गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ आयजी फार्बेन कंपनीत पिकांवरच्या किडींसाठी औषध शोधत होता. त्यातून टाबुन नावाचा विषारी वायू सापडला, पाठोपाठ सरिन. हेच सरिन १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडण्यात आलं. आपल्या शेतात मारली गेलेली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं त्याच कुळातली. या कुळाला ऑरगॅनोफॉस्फेट म्हणतात. ती वायूइतकी जहाल नाहीत, पण काम तेच करतात. सफाईवाल्या विकराला जाऊन चिकटतात आणि त्याला निकामी करतात. किडीत आणि माणसात हे विकर जवळजवळ सारखंच आहे, अडचण तिथेच आहे.

मग फटीफटीत ॲसिटिलकोलीन साचायला लागतं. वरच्या दोन दारांचं गणित आठवा, म्हणजे लक्षणं पाठ करावी लागणार नाहीत. मस्कारिनिक दारं उघडीच राहिली की लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, उलट्या, जुलाब, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हृदय मंद, आणि सगळ्यात घातक म्हणजे फुप्फुसात पाणी भरणं. निकोटिनिक दारं उघडीच राहिली की स्नायू आधी फडफडतात आणि मग दमून लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही त्यात आले.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. वापरलेली सगळीच औषधं या कुळातली नव्हती, पण या कुळातली त्यांत होती. हे विष पोटातच जावं लागतं असं नाही. ते कातडीतूनही शिरतं. उंच वाढलेल्या कपाशीत फवारा छातीच्या, तोंडाच्या उंचीवर मारावा लागतो, तो अंगावर येतो, शर्ट ओला होतो आणि तो ओला शर्ट दिवसभर अंगावर असतो. घरात कोणी फवारणीला जात असेल तर एवढं सांगून ठेवा. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही वाटलं की काम थांबवायचं, कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. कुठलं विष आहे हे डॉक्टरला कळलं तर वेळ वाचतो.

दवाखान्यात ॲट्रोपीन देतात. ते सफाई सुरू करत नाही. ते मस्कारिनिक दारात स्वतः जाऊन बसतं आणि साचलेल्या ॲसिटिलकोलीनला आत येऊ देत नाही, म्हणून फुप्फुस कोरडं होतं. निकोटिनिक दारावर त्याचा उपयोग नाही, त्यामुळे श्वासाचे स्नायू लुळे पडले तर व्हेंटिलेटरच लागतो. विकराला चिकटलेलं विष सोडवायला प्रॅलिडॉक्सिम नावाचं औषध आहे, पण त्याला घाई असते, कारण काही काळाने ती पकड कायमची होते. ॲट्रोपीन आपल्याकडच्या धोत्र्यातही असतं. म्हणून कोणी धोत्र्याचा उतारा सुचवला तर ऐकू नका. त्यात किती ॲट्रोपीन आहे हे कोणी मोजलेलं नसतं आणि धोत्र्याने वेगळी विषबाधा होते.

नाग दारात, मण्यार टोकात

आता त्याच फटीवर दोन साप. नागाच्या विषातली प्रथिनं स्नायूवरच्या निकोटिनिक दारात जाऊन बसतात. ती दार उघडत नाहीत, नुसती अडवतात. नस निरोप पाठवतेय, घेणारा बहिरा. पापण्या मिटतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो.

मण्यार वेगळीकडे घाव घालते. तिच्या विषाचा मुख्य मारा नसेच्या टोकावर असतो. पिशव्या संपतात आणि टोकच खराब होतं. बाहेरून रोग्याकडे पाहिलं तर नाग आणि मण्यार यांची लक्षणं खूपशी सारखी, कारण निरोप शेवटी पोचतच नाही. उपचारात मात्र फरक पडतो, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वात सुंदर तुकडा वाटतो.

नागदंशात प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मीन देतात. निओस्टिग्मीन काय करतं? सफाईवाल्या विकराला तात्पुरतं थांबवतं. म्हणजे फवारणीचं औषध करतं तेच, पण मोजून, थोडा वेळ आणि ॲट्रोपीनच्या पहाऱ्यात. फटीत ॲसिटिलकोलीन वाढतं, दारासाठीच्या झटापटीत विष मागे पडतं आणि पापण्या उघडायला लागतात. ज्या कारणाने एक माणूस मरतो त्याच कारणाने दुसरा वाचतो. मण्यारीच्या दंशात याचा फारसा उपयोग होत नाही, कारण मालच सुटत नाही तर सफाई थांबवून काय मिळणार? तिथे टोक पुन्हा वाढेपर्यंत, कधी कधी आठवडे, रोग्याला व्हेंटिलेटरवर सांभाळावं लागतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, पण एकदा खराब झालेलं टोक ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून मण्यारीत वेळ फार मोलाची.

त्यात मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही, लक्षणं काही तासांनी येतात. पहाटे पोटात दुखतंय आणि पापण्या जड झाल्यात असं जमिनीवर झोपलेला माणूस म्हणाला, तर साप दिसला नसला तरी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. आणखी एक. पूर्ण लुळा पडलेला रोगी बाहेरून मेल्यासारखा दिसतो, बाहुल्याही हलत नाहीत, पण तो आतून शुद्धीवर असू शकतो. श्वास यंत्राने चालू ठेवला तर अशी माणसं उठून घरी गेली आहेत.

मण्यारीच्या विषाने विज्ञानाला एक देणगीही दिली. तैवानमध्ये चेन-युआन ली आणि चुआन-च्युंग चांग यांनी १९६३ मध्ये तिथल्या मण्यारीच्या विषातून एक प्रथिन वेगळं केलं, जे निकोटिनिक दाराला घट्ट चिकटतं. त्याचाच गळ करून पुढे शास्त्रज्ञांनी विजेच्या माशांच्या अवयवातून हे दार बाहेर काढलं. तोवर रिसेप्टर ही जवळजवळ कल्पनाच होती.

मग डोपामाइनचं काय?

मेंदूत ग्लुटामेट, गाबा, सेरोटोनिन असे बरेच निरोपे आहेत. ग्लुटामेट बहुतेक जागी पुढच्या पेशीला पेटवतं, गाबा शांत करतं. डोपामाइन त्यांतलंच एक, आणि त्याला वरचे सगळे नियम लागू आहेत. पिशव्या, फट, दार, परत ओढणारा पंप. त्याचीही दारं अनेक जातींची आहेत आणि ती मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. एका भागात ते 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी' याचा हिशोब पोचवतं. नोटिफिकेशनशी त्याचा संबंध जोडतात तो या कामामुळे. दुसऱ्या भागात ते हालचाल सुरळीत ठेवतं. तिसऱ्या जागी, पिट्युटरी ग्रंथीत, ते दूध आणणाऱ्या हार्मोनला लगाम घालतं. दोन दिवस फोन बंद ठेवला तर झोप सुधारेल, डोळ्यांना आराम मिळेल, जरूर ठेवा. पण त्याने कुठली टाकी रिकामी होऊन पुन्हा भरते असं काही नाही.

डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात तेव्हा जो आजार होतो तो पार्किन्सन. त्यात हात थरथरतात, शरीर ताठर होतं, पाऊल उचलत नाही. गोळीतून थेट डोपामाइन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, म्हणून त्याचा कच्चा माल असलेलं एल-डोपा देतात. ते खाजकुइलीच्या बियांतही सापडतं. याच आजारावर दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या आहेत, ज्या स्वतःच डोपामाइनच्या दारात बसतात. त्यांनी हालचाल सुधारते, पण काही रोग्यांना त्या सुरू केल्यावर जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, आधी आयुष्यात पत्ते न पिसलेल्यांनासुद्धा. गोळी कमी केली किंवा बदलली की बहुतेकांचा तो सुटतो. म्हणून चांगला डॉक्टर ही गोळी लिहून देताना सोबत आलेल्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतो, की पैशांच्या व्यवहारावर थोडं लक्ष असू द्या.